शंखाचं तोंड

काल मुलगी समुद्रावरून शंख-शिंपल्यांची पिशवी घेऊन आली आणि घरभर खारट, कुजका वास पसरला. त्या वासाने मला थेट कापडे गावातल्या आमच्या अंगणात नेलं.

तेव्हा ती सहा वर्षांची होती. श्रीवर्धनच्या आजोळाहून आणलेला दीड इंची शंख मुठीत धरून खेळत होती. एकदम किंचाळली. बोटातून रक्त येत होतं. माझ्या वडिलांनी घाबरून शंख शेतात भिरकावला.

"मामंजी, फेकलात कशाला?" बायको म्हणाली. "एका जातीचा शंख डंख मारतो. माणूस दगावतो त्याने. तोंड बघायला हवं होतं."

"मला काय ठावं गो? आमची गोगलगाय चावत नाय!"

पोलादपूरच्या दवाखान्यात जायला रिक्षा बोलावली. ती येईपर्यंत मी भाताच्या चिखलात चाचपत राहिलो. हाताला शेतातल्याच गोगलगायी लागत होत्या. मुलीचं रडणं थांबलं की माझे हातही थांबत.

शेवटी शंख सापडला. बायकोने तो बादलीत बुचकळून उलटा केला.

"तोंड गोल आहे. त्या विषारी शंखाला वरपासून खालपर्यंत अरुंद चीर असते. हा तो नव्हे. फुटक्या कडेने बोट कापलंय. तरी दवाखान्यात दाखवून येऊ."

तिचा आवाज इतका शांत होता, की त्या दिवशी घाबरलो ते फक्त मी आणि माझे वडील, असंच मी आजवर समजत होतो.

काल मुलीला हे सांगितलं. ती म्हणाली, "शंखाचं मला काहीच आठवत नाही, बाबा. आईने माझं मनगट धरलं होतं, तेवढं आठवतं. रिक्षातसुद्धा सोडलं नाही. नखं रुतली होती तिची."