कार्डाची मागची बाजू

"पीछे कुछ खास नहीं है, सर."

एवढंच मी बोलले होते. ग्रंथपाल साहेब दारात उभे होते, मी संगणकासमोर बसले होते आणि माझ्या टेबलावर बाबांच्या हातच्या कार्डांचा लाकडी खण उघडा पडला होता. मी मान वर करून साहेबांकडे नीट बघितलंसुद्धा नाही.

बाबा उज्जैनच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात कार्डं लिहायचे. पुस्तकांची कार्डं करणारे तिथे आणखीही दोघं-तिघं होते, पण मोडी कागद एकट्या बाबांकडे. आमचे पूर्वज दरबारात कारकून म्हणून इकडे आले आणि इकडचेच झाले. बोलण्यात निम्मी हिंदी आली, जेवणात पोहे-जिलेबी आली, पण मोडी मात्र बापाकडून मुलाकडे येत राहिली आणि बाबांपाशी येऊन थांबली. मी शिकले नाही. त्यांनी दोनदा पाटी पुढे ठेवली होती, दोन्ही वेळा मी तोंड वाकडं करून उठून गेले होते.

शहरातल्या जुन्या मराठी घराण्यांनी आपापले कागद फडक्यात बांधून ग्रंथालयाला दिले होते. त्या गाठोड्यांना रुमाल म्हणतात. बाबा एक रुमाल सोडायचे, त्यातला एकेक कागद वाचायचे आणि प्रत्येकाचं एक कार्ड करायचे. कार्डाच्या पुढच्या बाजूला नियमाप्रमाणे रुमालाचा क्रमांक, साल, पानं आणि विषय लिहायचा. विषयांची यादी वरून ठरून आलेली. तिच्यात लढाया होत्या, तह होते, जमिनीचे करार होते. धोब्याची तक्रार, सुनेला माहेरी पाठवण्याची विनंती, हत्तीच्या माहुताचं आजारपण यांना त्या यादीत जागा नव्हती. मग बाबा विषयाच्या ओळीत 'संकीर्ण' असं लिहायचे, कार्ड उलटं करायचे आणि मागच्या बाजूला बारीक नागरी अक्षरात खरं काय ते लिहायचे. कुणी लिहिलं, कुणाला, काय मागितलं, काय मिळालं.

ते मागचं लिखाण पुढच्याच्या मानाने उलटं असायचं, डोकं खाली पाय वर. खणातली सगळी कार्डं खालच्या भोकातून एका सळईत ओवलेली असतात. कार्ड बाहेर न काढता बोटाने पुढे कलंडवलं, की उलटं लिहिलेलं बरोबर सुलट होऊन समोर येतं. जुन्या कार्डवाल्यांची ती रीतच होती. ज्याला ठाऊक आहे तो कलंडवून बघायचा, ज्याला नाही त्याला वाटायचं कार्ड तेवढंच.

मला ठाऊक होतं.

लहानपणापासून ठाऊक होतं, कारण आमच्या घरी रोज रात्रीच्या जेवणाबरोबर ती मागची बाजूच वाढली जायची. आईला भाजीत मीठ किती पडलं ते विचारायचं असे आणि बाबा कुठल्या तरी माहुताच्या तापाबद्दल बोलत असत. रविवारीही ते ग्रंथालयात जायचे. इतरांचे बाप मुलांना घेऊन राम घाटावर होडीत बसायचे, आमचे बाप घाटावर आले तरी डोक्यात रुमाल घेऊन येत. मला त्या कागदांचा मत्सर वाटायचा. हे आज कबूल करायला हरकत नाही.

तरी एक गोष्ट मी स्वतःच मागून घ्यायची. रुमाल सत्तावीसमधली. दरबारात एक मशालजी होता, स्वारीपुढे मशाल धरून चालणारा. एका स्वारीत तो भाजून मेला. त्याच्या बायकोने अर्ज केला होता की नवऱ्याच्या मशालीसाठी रोज जे तेल मिळत होतं ते बंद करू नये. घरात पोरं अंधाराला भितात, त्यांना सवय उजेडाची आहे. बाबा ही गोष्ट सांगताना आवाज खाली आणायचे. आणि शेवटी म्हणायचे, मिळालं बरं का तिला तेल, वर एक शेर जास्त मिळालं. मग मी पुढचा घास घ्यायची.

बाबा निवृत्त झाले त्या सुमारास शहर एकदम बदलायला लागलं होतं. फ्रीगंजमध्ये एकेका जिन्यावर दोन-दोन कॉम्प्युटर क्लास उघडले, घरोघरी केबल आली आणि जो तो मुलांना "कुछ कंप्यूटर-वंप्यूटर कर ले" असं सांगू लागला. मीही तसा एक कोर्स केला. ग्रंथालयात संगणक आले, परदेशी नियतकालिकांचे डेटाबेस सीडीवर यायला लागले आणि कार्डांच्या जागी सगळी सूची संगणकात भरायचं ठरलं. त्या कामावर तीन मुली तात्पुरत्या घेतल्या. एक मी. मोडीचे खण माझ्याकडे आले, कारण बाबांचं अक्षर मला लागत होतं.

बाबांचे डोळे तोवर काचबिंदूने बरेच गेले होते. उजव्याने काहीच नाही, डाव्याने दारात माणूस उभा आहे एवढं. पण माझी नेमणूक झाली त्या दिवशी त्यांनी स्वतः चाचपडत कपाट उघडून माझ्यासाठी आपलं पेन काढलं. संगणकावर पेनाचं काय काम, हे सांगायचं माझ्या जिवावर आलं.

"एकच सांगतो," ते म्हणाले, "कार्ड कलंडवून बघायला विसरू नकोस."

पहिला आठवडा मी कलंडवत होते. पण त्या संगणकात नागरी लिपी नव्हती, सगळं रोमन अक्षरांत भरायचं. बाबांची एक ओळ रोमनमध्ये बसवताना माझ्या कपाळाला आठ्या पडायच्या. शेऱ्याची चौकट एवढीशी. माहूत आजारी पडेपर्यंतच ती भरून जाई, पुढचं सगळं बाहेरच राही. शेजारच्या दोघी इंग्रजी पुस्तकांचे खणच्या खण हातावेगळे करत होत्या आणि माझा पहिला खण अर्धाही झाला नव्हता. भिंतीवर कुणी किती नोंदी केल्या त्याचा तक्ता लागायचा. बाहेरून तपासणीसाठी समिती येणार होती आणि त्याआधी काम पुरं झालं नाही तर आम्हा तिघींना पुढची नेमणूक मिळणार नव्हती. शेजारची एक दिवस म्हणाली, "यार, तू हर कार्ड के पाँव क्यों छूती है?" दोघी हसल्या. मीही हसले.

दुसऱ्या दिवसापासून मी कलंडवणं बंद केलं.

समिती गेली की मागच्या बाजू सावकाश भरू, असं मी स्वतःला सांगितलं होतं. त्या दिवशी ते खोटं नव्हतं. संध्याकाळी मी घरी आले की बाबा विचारायचे, "मागचं पण घेऊन राहिलीस ना?" आणि मी चपला काढता काढता म्हणायची, "हो बाबा." रोज विचारायचे, रोज म्हणायची. त्यांनी अविश्वासाने विचारलं असतं तर मी चिडून खरं बोलून टाकलं असतं. ते कौतुकाने विचारायचे.

मग तो दिवस आला. कार्डांच्या कपाटांची खोली संगणक कक्षासाठी हवी होती, तिथे एसी बसणार होता. ग्रंथपाल साहेब भले गृहस्थ होते. बाकीच्या कार्डांबद्दल त्यांनी कुणाला विचारलं नाही, पण मोडीच्या खणांसाठी माझ्या दारात थांबले आणि मला म्हणाले, "आप तो उनकी बेटी हैं, आप बताइए. इनके पीछे कुछ लिखा-विखा है क्या? हो तो रख लेते हैं."

हो म्हटलं असतं तर त्यांनी एखादं कार्ड उलटून बघितलं असतं. मग संगणकातली नोंद बघितली असती. मग भिंतीवरच्या तक्त्यातले माझे आकडे कसे आले ते सगळ्यांना कळलं असतं. आणि खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात रविवारच्या होड्याही होत्या. मी ते वाक्य बोलले.

दोन दिवसांनी माणसं आली. त्यांनी खणांतल्या सळया ओढून काढल्या, त्या फरशीवर खणखणत पडल्या आणि कार्डं पोत्यांत गेली. माझ्याच खोलीबाहेर चाललं होतं ते. मी उठून निदान रुमाल सत्तावीसचा खण मागून घ्यायला हवा होता. मी टाइप करत राहिले.

रुमाल आजही तिथे आहेत, नीट झाडून-पुसून ठेवलेले. कागद सुरक्षित आहेत. ती घसटलेली, पळती मोडी वाचणारं आमच्या शहरात कुणी उरलं नाही, आणि जो एक होता त्याचे डोळे गेले होते.

समितीच्या भेटीच्या वेळी संगणक कक्षाचं उद्घाटन झालं. साहेबांनी बाबांना आवर्जून बोलावलं. धूळ जाऊ नये म्हणून कक्षाबाहेर चपला काढायचा नियम होता. बाबांनी देवळाबाहेर काढाव्यात तशा त्या काढल्या आणि माझा खांदा धरून थंडगार खोलीत आले. साहेबांनी त्यांना हार घातला, पाहुण्यांना सांगितलं की या दादांची तीस वर्षांची मेहनत आता एका बटणावर आली आहे. मग म्हणाले, "दादा, आप कुछ पूछिए. बिटिया निकालकर दिखाएगी."

बाबा हसले. मला पुढचं आधीच कळलं होतं.

"मशालजी," ते म्हणाले.

मी रोमन अक्षरांत मशालजी टाइप केलं. पाहुणे माझ्या पाठीशी उभे होते, साहेब डावीकडे, बाबा उजवीकडे खुर्चीत. पडद्यावर एक ओळ आली. नो रेकॉर्ड फाउंड. मी रुमाल सत्तावीस टाकून बघितलं. नोंदी आल्या, एकीखाली एक, सगळ्यांच्या विषयात एकच शब्द. संकीर्ण, संकीर्ण, संकीर्ण.

"आलं?" बाबांनी विचारलं.

"आलं, बाबा."

"वाच."

मी पडद्याकडे बघत वाचू लागले. मशालजीची बायको. स्वारीत नवरा भाजून मेला. रोजचं तेल बंद होऊ नये असा अर्ज. पोरं अंधाराला भितात, त्यांना सवय उजेडाची आहे. शब्द अडत नव्हते. इतक्या वेळा ऐकलेली गोष्ट अडणार कशी? तेल चालू राहिलं, मी वाचलं, वर एक शेर जास्त मिळालं. साहेबांना थोडं मराठी कळत होतं. त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पुढे होऊन पाहुण्यांना सीडीचं कपाट दाखवायला घेऊन गेले. बाबांनी दोनदा मान हलवली. "वा," म्हणाले.

परतताना आम्ही सवाऱ्या नेणाऱ्या टेम्पोत बसलो. बाबांच्या गळ्यात हार तसाच होता. त्यांनी डोळे मिटले होते. मला वाटलं, दमले.

"तिला तेल मिळालं असं कागदात नाही," ते एकदम म्हणाले.

मी त्यांच्याकडे वळले.

"कागद अर्जापाशीच संपतो. मी कार्डावर तसंच लिहिलं होतं, निकाल आढळत नाही. तू लहान होतीस. तिच्या पोरांचं काय झालं म्हणून रडून रडून जेवेनाशी झालीस. म्हणून मी दिलं तिला तेल."

टेम्पोत आणखी चार माणसं होती. त्यांच्यासमोर मला रडू आवरलं नाही.

"कार्डं गेली का?" बाबांनी विचारलं.

"हो."

"सगळी?"

"सगळी. साहेबांनी विचारलं होतं मला, बाबा. मीच म्हणाले, मागे काही खास नाही."

त्यांनी हार काढला आणि मांडीवर ठेवला. फुलं चाचपत राहिले. ते रागावले असते, ओरडले असते तर मला सोसलं असतं.

"तुला बाकीच्या गोष्टी आठवतात का गं?" त्यांनी विचारलं.

"काही काही आठवतात."

"त्यांतही मी कुणाकुणाला काय काय देऊन टाकलं असेल," ते म्हणाले. "तू रडकी होतीस फार. आता कार्ड बघितल्याशिवाय मलाही नाही सांगता यायचं, खरं किती ते."

आमचा थांबा आला. मी आधी उतरले आणि हात पुढे केला. त्यांना तो दिसला नाही, म्हणून मीच त्यांचा हात धरला.