कानांनी राखलेलं फाटक

बाळारामनाना गेल्याचं मला पेजरवर कळलं. सानपाड्याच्या बसथांब्यावर दुपारचा उभा होतो, आणि कमरेच्या डबीत अक्षरं सरकत गेली... नाना गेले, घणसोलीला या. पाठवणारी त्यांची मुलगी, वनिता. त्याला आता सव्वा महिना झाला. अजूनही उन्हात उभं राहिलं की ती अक्षरं सरकल्याचा भास होतो, आणि त्यांच्या मागून खाकी सदऱ्यातला एक उंच माणूस मान जराशी तिरकी करून, ऐकत ऐकत चालत येतो.

नानांची ओळख झाली तेव्हा मी एका खाजगी सुरक्षा एजन्सीत सुपरवायझर होतो. शहर भराभर उभं राहत होतं आणि प्रत्येक नव्या फाटकाला माणूस हवा होता. आमच्या फॉर्मवर रखवालदाराची लायकी एका पानात मावायची : आठवी पास, उंची, छाती, पोलिसांचा दाखला, नजर. नाना घणसोली गावचे. तरुणपण मिठागरातल्या पांढऱ्या झगझगाटात गेलेलं. मिठागर बंद पडल्यावर आमच्याकडे आले. तुर्भ्याच्या एका फळांच्या शीतगृहावर मी त्यांना नेमलं. तिथलं दार उघडलं की गार वाफ जमिनीलगत वाहत बाहेर यायची, तिला सफरचंदांचा वास असायचा, आणि त्या वाफेत पावलं बुडवून नाना उभे... ढगावर उभे असल्यासारखे. कोण आत गेलं, कोण बाहेर आलं याची नोंद, अनोळख्याला अडवणं, आणि काहीही झालं तरी फाटक न सोडणं, हे त्यांचं काम. वहीत नाव ज्याचं त्याला लिहायला लावायचे. मला ती शिस्त वाटायची.

तिसऱ्या वर्षी मी त्यांची नजर पुन्हा तपासली. भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. नानांनी एक डोळा झाकला आणि अगदी खालच्या बारीक ओळीपर्यंत न अडखळता म्हणून दाखवलं. फक्त तो तक्ता मी आदल्याच आठवड्यात बदलला होता. नाना जुना तक्ता पाठ म्हणत होते. खोलीत आम्ही दोघंच.

"बरोबर ना, सायेब?"

मी 'नजर : चांगली' असं लिहिलं. त्यांच्याइतका भरवशाचा माणूस माझ्याकडे दुसरा नव्हता, आणि घरात लग्नाची मुलगी होती... एवढीच माझी कारणं.

त्याच हिवाळ्यात, एका दुपारी, शीतगृहातला अमोनियाचा पाइप फुटला. भोंगा झाला, माणसं डोळे चोळत, खोकत बाहेर धावली. मी पोचलो तेव्हा मॅनेजर वही घेऊन डोकी मोजत होता. वहीत तेवीस, समोर तेवीस. दार बंद करा, म्हणाला. तेवढ्यात नाना म्हणाले, "थांबा. शेवंती आत हाय."

"गिनती बरोबर आहे, नाना!" मॅनेजर ओरडला.

"तिची चप्पल तुटलेली हाय. पाय घासत चालते ती. तो आवाज भायेर आयला नाय."

मग लक्षात आलं, की एका ट्रकचा क्लीनर गर्दीत येऊन उभा होता आणि तेविसावा म्हणून तोच मोजला गेला होता. दोघे हमाल तोंडाला ओली फडकी बांधून आत गेले आणि फळं निवडायच्या खोलीतून बेशुद्ध शेवंतीला उचलून घेऊन आले. ती वाचली. त्या गोंधळात नाना जागचे हलले नाहीत. एक हात फाटकावर, मान तिरकी, येणारं प्रत्येक पाऊल ऐकत...

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या टेबलासमोर होते. मी त्यांना शाबासकी द्यायला उठलो, तर म्हणाले, "सायेब, फारमवर आता खरं लिवा."

"नोकरी जाईल, नाना."

"जाऊ द्या. काल कानानं भागलं. उद्या कोनी बिनआवाजाचा आत गेला तर मना काय दिसनार? मी फाटकावर हाय म्हनून ती मानसा बिनघोर काम करतान." मग म्हणाले, "तुमाला तक्त्याचं कललं होतं ना... त्या दिसापासून झोप नाय मना."

झोप मलाही नव्हती. मी खरं लिहिलं. नानांनी युनिफॉर्म घडी करून टेबलावर ठेवला. पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, एक डोळा थोडा उजळला, पण कामावर ते परत आले नाहीत. वनिताच्या लग्नात मला हाताला धरून पंगतीत बसवलं, तेव्हा माझा चेहरा बराच वेळ न्याहाळला. म्हणाले, "आवाजावरून तुमी मना जाडे वाटलावते."

परवा घणसोलीला पुन्हा गेलो. गावठाणातल्या त्या चिंचोळ्या गल्लीत, घराच्या ओटीवर, नानांची प्लास्टिकची खुर्ची अजून तशीच आहे. नोकरी सुटल्यावर ते दिवसभर तिच्यात बसून गल्लीतली पावलं ऐकायचे, आणि सांगून येणाऱ्याजाणाऱ्याला 'हां' म्हणायचे. वनिता माहेरी आली होती. आत भाजी चिरत होती. मी पायरीवर बसलो. इतक्यात समोरून वरच्या खोलीतला साताऱ्याकडचा भाडेकरू डबा घेऊन निघाला, आणि मान न वळवता त्या रिकाम्या खुर्चीला म्हणाला, "नाना, येतो बरं का." पाठोपाठ पाटी घेतलेली एक मासळीवाली आली. "नाना, आयले हां," एवढंच बोलून पुढच्या वळणावर दिसेनाशी झाली.

आणि विळीवरून मान वर न करता वनिता आतून म्हणाली, "हां."