फसलेला प्लग अन् आमचा मिस्त्री

कंधार नाक्यावरचा आमचा मिस्त्री लई बडबड्या. इंजिनाला हात लावायच्या आधी बोनट ठोकून विचारतो, "काय बाई, कुठं दुखतंय?" अन् काही अडकलं की गाडीवाल्याला बायकोचं नाव घ्यायला लावतो, लग्नात घेतात तसं, यमक जुळवून. भल्याभल्या ड्रायव्हरांना लाजवलंय त्यानं.

परवा माझ्या गॅसवरच्या लहान ट्रकाचा प्लग बदलताना मोडला. वरचा तुकडा हातात आला, आट्यांचा तुकडा इंजिनातच फसला. तो निघाला न्हाई तर सगळं इंजिन खोलावं लागणार, अन् मागं टमाटे भरलेले. मिस्त्रीनं तेल सोडलं, उलट्या आट्यांची सळई तुकड्यात ठोकली, पाना लावला. हलेना.

"काका, नाव घ्या."

"अरे येड्या, घरची उन्हाळ्यात गेली. मातीला तूच होतास की."

"माणूस गेलं. नाव कुठं गेलं?"

चहावाला, पंक्चरवाला, सगळे जमले. ती गेल्यापासून मी ते नाव तोंडात आणलंच नव्हतं. शेवटी ओरडलोच,

"गोदावरीच्या पुलावरून ट्रक आला पळत,
कौसाबाईबिगर माझं पान न्हाई हलत!"

शिट्ट्या पडल्या. मिस्त्रीनं पाना दाबला, कर्रर्र झालं अन् तुकडा गरागरा फिरत वर आला. मी पोरावानी नाचलो. खरंच नाचलो, गुडघे दुखतात तरी.

नवा प्लग बसला. मिस्त्री हात पुसून राहिला होता.

"दुसरा प्लग बी काढ," म्हणलो.

"तो तर चांगला हाय, काका."

"असू दे. काढ. अडकला तर बरंच."