पडद्यामागच्या एकेचाळीस बाया

आग मागून लागली होती आणि एकही बाई उठत नव्हती.

मी ओरडले, "उठा वो, आग लागली!" दोघीतिघींनी मागे पाहिलं. बाकीच्यांनी मलाच गप्प केलं. "चूप बस ना बाई, तो आत चालला." पडद्यावर तो सुटातला माणूस पोरीच्या खोलीत शिरत होता. तोंडात सिगारेट होती. धूर दिसला तो सगळ्यांना त्याचाच वाटला.

मग खाली पसरलेल्या तणसाने, म्हणजे धानाच्या पेंढ्याने, भडका घेतला तेव्हा उठल्या. उठल्या, धावल्या, पडद्यापर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या. मागे आग, पुढे एक पातळ कापड, आणि कोणी पुढे पाऊल टाकीना.

त्या का थांबल्या हे समजायचं तर तंबू कसा होता ते आधी सांगावं लागेल.

मी टूरिंग टॉकीजमध्ये बायकांच्या गेटवर कामाला होते. टूरिंग टॉकीज म्हणजे फिरता सिनेमा. तंबू, मशीन, विजेचं इंजिन, सगळं ट्रकमध्ये भरायचं आणि गावोगाव जायचं. धान कापून झालं की आम्ही चांद्याहून, म्हणजे आजच्या चंद्रपूरहून, निघायचो. गडचिरोली, तिथून धानोऱ्याकडे, आणखी आत जंगलाकडे, आणि शिमग्याला परत. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता, सगळा चांदाच होता. ज्या गावात ही गोष्ट झाली त्याचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या त्या वेळच्या सुना आता आज्या झाल्या आहेत, त्यांना उगाच त्रास नको.

मी चौथीपर्यंत शिकलेली. सव्विसाव्या वर्षी नवरा गेला आणि वर्षभरात या कामाला लागले. तिकीट फाडायचं, बायांना बसवायचं, फाटलेली कनात शिवायची, पडद्यावर पाणी मारायचं. पडद्यावर पाणी कशाला? आमच्या तंबूत पुरुष पडद्याच्या समोर बसत आणि बाया मागे. मशीन पुरुषांच्या बाजूला. मागे चित्र दिसायचं तर कापड पातळ पाहिजे आणि ओलं पाहिजे, म्हणजे उजेड आरपार जातो. शो सुरू व्हायच्या आधी आणि इंटरवलमध्ये मी पिचकारीने पडदा चिंब करत असे. थंडीत हात बधिर होत.

मागून पाहणाऱ्या बायांना चित्र उलटं दिसे. पुरुषांना जो हात उजवा, तो बायांना डावा. एरवी त्याचं काही बिघडत नसे.

आणखी एक काम होतं. शो सुटला की आमचे शेटजी विचारत, "तुळसा, बाया काय म्हणतात?" पुरुषांना ते कधी विचारत नसत. पुरुष एकदा पाहतात आणि पान खाऊन घरी जातात. बाईला सिनेमा आवडला तर ती दुसऱ्या दिवशी सासूला, नणंदेला, शेजारणीला घेऊन येते. बाया नाही म्हणाल्या की तंबू उपटायचा, हो म्हणाल्या की मुक्काम वाढवायचा. म्हणून शो सुटताना मी गेटवर उभी राहून कान देत असे.

त्या वर्षी आम्ही जो सिनेमा आणला होता त्यात सगळं झकपक होतं. डोंगरावरचा बंगला, मोटार, फिरता जिना. बंगल्यात एक श्रीमंत पोरगी आणि तिची आजारी मावशी. एक दिवस पांढऱ्या सुटातला परका माणूस येतो, म्हणतो, मोटार बिघडली. मग राहतोच. गोड बोलतो, गाणं म्हणतो. खिशातून लहानसा चाकू काढून संत्रं सोलतो, साल एकसंध, लांब, न तुटता. त्याच चाकूने त्याने याआधी तीन बायका मारलेल्या असतात. ते आपल्याला कळतं, पोरीला कळत नाही. शेवटी पोलीस येतात, तो कड्यावरून पडून मरतो.

पहिल्या दिवशी शो सुटला तेव्हा गेटवर बाया हलेनात.

"काय बोलते वो तो! आमच्या घरी तर दिवसातून दोन बोल. 'वाढ' अन् 'झालं'."

"खुनी हाय तो, येडे!"

"असू दे ना. खुनी हाय, पन ताट सोताचं सोता उचलते."

"मले तर तो पयल्यापासूनच पसंत नाई," एक म्हणाली. "डावरा मानूस भरोशाचा नसते."

तिचा नवरा बाहेर उभा होता. तो म्हणाला, "डावरा कुठी हाय? उजव्या हातानं सोलते तो."

"म्या माह्या डोयानं पाह्यलं!"

दोघं घरी जाईपर्यंत भांडत गेले. मी काही सांगितलं नाही. रोज हेच सांगत बसले असते तर काम झालं नसतं.

सगळ्यात शेवटी भागीरथाबाई निघाली. गावच्या पाटलाची आई, सत्तरीची, काठी टेकत चालणारी. ती मला म्हणाली, "त्याले मारायले नको होतं वो. कोनी समजावून सांगितलं असतं तर सुधरला असता. उद्या सुनेले घेऊन येतो."

"उद्याही मरणारच आहे तो आजी," मी म्हटलं.

"पाहू ना," ती म्हणाली.

मी शेटजींना सांगितलं, "बाया खूश आहेत. मुक्काम वाढवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटील तंबूवर आले. त्यांच्या जागेवरच आमचा तंबू होता. त्यांनी खुर्ची मागवली नाही, तेव्हाच मी ओळखलं.

"शेटजी, तुमचा तो सुटवाला गाव बिघडवून राह्यला."

"पाटीलसाहेब, शेवटी मरतो ना तो. पापाचं फळ मिळतं त्याला."

"मरते जी. पन मरायच्या आधी दोन घंटे जगते, त्याचं काय?"

झालं असं होतं की गावातले पाचसहा जवान पोट्टे सकाळपासून खिशात संत्री घालून हिंडत होते. विहिरीवर बाया गेल्या की तिथे उभे राहून सालं काढायचे. कोणाची साल तुटली की बाया हसायच्या. पाटलांना ते हसणंच लागलं होतं. त्यांनी अट घातली: बाया आत गेल्या की त्यांच्या बाजूचं दार बंद पाहिजे. नुसतं ओढलेलं नाही, बांधलेलं. शो संपेपर्यंत एकही पोट्टा तिकडे फिरकायला नको.

शेटजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "शिवून टाकते." कोणी मला शिव म्हणालं नव्हतं. बांधलेली दोरी पोरं सोडतात, म्हणून दाभण आणि सुतळीने दार शिवायचं आणि शो संपला की टाके कापायचे, हे माझंच डोकं.

कनातीचा खालचा काठ आम्ही आधीपासूनच मातीत पुरत असू, फुकटे खालून घुसतात म्हणून. म्हणजे दार शिवल्यावर बायांच्या बाजूने बाहेर जायला वाट उरली नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. दोनच तासांचा प्रश्न आहे, असं मी मनाशी म्हटलं.

आणि थंडी होती. त्या भागात म्हाताऱ्या बाया हिवाळ्यात खापरात विस्तव घेऊन निघतात, पदराखाली धरतात. आत विस्तव आणायचा नाही असा आमचा नियम होता. पण म्हातारीला थंडीत विस्तव बाहेर ठेव म्हणणं मला जमत नसे. मी मधला मार्ग काढला होता. सगळी खापरं दाराजवळ ओळीने ठेवायला लावायची आणि मी तिथे बसून लक्ष ठेवायचं. त्या दिवशी सात खापरं होती. बायांना बसायला तणस मीच पसरलं होतं. खापरांपासून हातभर लांब.

भागीरथाबाई सुनेला घेऊन आली. सारजा नाव, धाकट्या मुलाची बायको, आठवा महिना लागलेला. पोटामुळे तिला मांडी घालता येईना, तिला मी दाराजवळ खांबाला टेकवून बसवलं. तिकिटांचे अर्धे तुकडे डब्यात टाकले, मोजले. एकेचाळीस. मग दार शिवलं.

तो सिनेमा मी त्याआधी पंधरा-वीस वेळा पाहिला असेल. पाहिला म्हणजे, ऐकला. माझी नजर बायांवर असायची. पण एक जागा होती, तो रात्री पोरीच्या खोलीत जातो, चाकू काढतो, आणि मारायचं सोडून संत्रं सोलून तिच्या उशाशी ठेवतो. तेवढ्या वेळी मी दर वेळी पडद्याकडे पाहत असे. खरं तेच लिहिते. त्या दिवशीही पाहिलं. तेवढ्यात कोणाचा तरी पाय खापराला लागला. कोणाचा, ते कधी कळलं नाही. विचारलंही नाही. लक्ष ठेवायचं काम माझं होतं.

तर बाया पडद्यापाशी थांबल्या होत्या.

पडद्यापलीकडे पुरुष होते, आणि सगळ्यांत पुढे गावातली वडीलधारी माणसं. म्हणजे यांचे सासरे आणि भासरे. भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. आमच्याकडे सून भासऱ्यासमोर येत नाही. तो ओसरीत असेल तर ती मागच्या दाराने जाते. पडद्याला लागून खुर्ची होती पाटलांची, आणि पाटील सारजाचे भासरे. सारजा पडद्याला हात लावून उभी होती आणि भागीरथाबाईने तिचं मनगट धरलं होतं.

"आजी, सोडा तिला! जाऊ द्या!"

"भासऱ्याच्या अंगावर कशी जाईल वो?" म्हातारी म्हणाली. ती माझ्याशी भांडत नव्हती. खरंच विचारत होती.

मागे दार पेटलं होतं. कनातीचं कापड जाड, दुहेरी, माझ्या सुरीने कापलं नसतं. सुतळी कापायची लहान सुरी, ती कमरेला होती. मी पडद्यात खुपसली आणि वरपासून खालपर्यंत ओढली. ओला पडदा, सहज फाटला. त्या फटीतून डोकं बाहेर काढलं तर मशीनचा सगळा उजेड डोळ्यांत. समोर काही दिसेना. सिनेमाच्या आवाजात पुरुषांना आगीचा पत्ताच नव्हता. नुसती ओरड ऐकू आली, "पडदा फाडला! कोन हाय ते?"

मी ओरडले, "पाटील, पाठ फिरवा! सगळे पाठ फिरवा! तुमच्या बाया जळून राह्यल्या आत, अन् तुमच्या लाजेनं बाहेर येऊन नाई राह्यल्या!"

मग पाटलांची खुर्ची पडल्याचा आवाज आला. ते उठले आणि त्यांच्या हुकमी आवाजात म्हणाले, "फिरा रे सगळे. मान वळवली त्याची मान ठेवनार नाई." आणि स्वतः आधी फिरले. अडीचशे-तीनशे पुरुष पडद्याकडे पाठ करून, मशीनच्या उजेडात डोळे मिचकावत उभे राहिले. ऑपरेटर मशीन बंद करायला निघाला होता. मी ओरडून सांगितलं, चालू ठेव. अंधार झाला असता तर बाया एकमेकींच्या पायाखाली गेल्या असत्या.

मग भागीरथाबाईने मनगट सोडलं. सारजाला तिने स्वतः फटीतून पुढे ढकललं. "जा, नाई पाहत कोनी." त्यानंतर एकेक बाई डोक्यावर पदर ओढून बाहेर पडत गेली, त्या पाठींच्या मधल्या वाटेने. त्यांच्या अंगावरून चित्र चाललं होतं. मी फट धरून मोजत होते. एकवीस, बावीस. आत धग इतकी झाली की ओला पडदा वाफ सोडू लागला.

चाळीस झाल्या. म्हातारी आत होती. सगळ्यांना पुढे जाऊ देत ती मागे राहिली होती आणि तिची काठी तणसात पडली होती. ती काठी शोधत होती. मी फाटलेल्या पडद्याचा पालव ओढून अंगावर घेतला आणि आत गेले. तिला काखेत धरून बाहेर आणलं तेव्हा तिचं लुगडं मागून पेटलेलं होतं. पाटील अजूनही पाठ फिरवून उभे होते. मी म्हटलं, "आता पहा. तुमची आई आहे."

रेंगीत, म्हणजे हलक्या बैलगाडीत, घालून तिला गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं. मी सोबत गेले. माझेही दोन्ही हात भाजले होते. तिसऱ्या दिवशी ती शुद्धीवर असताना मला म्हणाली, "तुळसा, तो मेला लय गोड वो. त्यानं उठूच नाई देलं आपल्याले."

सिनेमा पाहून आलेल्या शेकडो बायांचं मत मी ऐकलं. त्या सिनेमाबद्दल इतकं नेमकं कोणी बोललं नाही. शेटजी दवाखान्यात आले होते. या वेळी बाया काय म्हणतात हे त्यांनी विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही.

तंबू बसला तो पुन्हा उभा राहिला नाही. शेटजींनी मशीन विकलं. मी पुढे चांद्याला एका पक्क्या थिएटरात बायकांच्या दारावर तीस वर्षं काढली. तिथे दार आतून उघडतं की बाहेरून, हे मी रोज हाताने पाहत असे. आणि शो चालू असताना पडद्याकडे पाठ करून बसत असे. लोकांना वाटे, बाईला सिनेमाची आवड नाही.

त्या संध्याकाळी आत एकेचाळीस बाया होत्या आणि मी. एकेचाळीस बाहेर आल्या. भागीरथाबाई पाचव्या दिवशी दवाखान्यातच वारली. सारजा जगली, महिन्याने तिला मुलगी झाली, तीही जगली. मी जगले.