शेवटचं प्रकरण कुणाकडे अडलंय

पिंपळे सौदागरहून निघालेली आमच्या कंपनीची बस नाशिक फाटा, भोसरी, मोशी करत चाकणला पोचेपर्यंत माणसाचं निम्मं आयुष्य जातं. मोशीच्या पुढं ट्रॅफिक लागलं की उरलेलंही जातं. मोबाइल बघून बघून किती बघणार? म्हणून कुणीतरी एकदा एक पुस्तक आणलं, ते पुढच्या सीटवरून मागं गेलं, आणि तशी पद्धतच पडून गेली. पुस्तक एक आणि वाचणारे अनेक, तेव्हा आम्ही कंपनीतली अक्कल लावली. पुस्तकाची शिवण सोडवायची, प्रकरणं वेगळी करायची, एकेक प्रकरण सुटे पार्ट ठेवायच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचं आणि सीटमागून सीट सरकवत न्यायचं, लाइनवर माल सरकतो तसं. मतही आमच्याच रीतीनं द्यायचं. मी क्वालिटीत आहे, माझ्याकडे रंगीत टॅग कायम असतात. हिरवा टॅग म्हणजे पास, पिवळा म्हणजे दुरुस्त करून चालेल, लाल म्हणजे सरळ भंगार. बाहेरच्या माणसाला हे ऐकून हसू येईल. पण पुस्तकाबद्दल इतकं स्वच्छ बोलणारी माणसं मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत.

या लाइनवर मी माझ्या नवऱ्याची कादंबरी सोडली.

आम्ही दोघं लग्नाआधी एकाच कंपनीत होतो, त्यामुळे आमच्यात अहो-जाहो कधी आलंच नाही. पुढं मी चाकणला गेले, तो पिंपरीतच राहिला, आणि एक दिवस त्याची कंपनी बंद पडली. तेव्हापासून तो घरी आहे. सकाळी माझा डबा भरून देतो आणि मग जेवणाच्या टेबलावर लिहीत बसतो. काय लिहितोय ते विचारलं की म्हणायचा, हेराची गोष्ट. दहशतवाद्यांच्या टोळीत शिरलेला आपला एक माणूस, समुद्रापलीकडचं एक बंदर, आणि आपल्या शहरात कुठंतरी ठेवला जाणार असलेला बॉम्ब. मी पोट धरून हसले होते. हा माणूस पिंपळे सौदागरमधल्या सगळ्या सोसायट्या सारख्याच दिसतात म्हणून एकदा दुसऱ्याच बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये शिरला होता. हिंगाची डबी समोर असून त्याला सापडत नाही. आणि हा हेर लिहिणार!

लिहून झाल्यावर त्यानं पिंपरीत त्याची झेरॉक्स काढून स्पायरल करून आणली, वरचं नावाचं पान फाडलं आणि माझ्या हातात दिली. म्हणाला, तुमच्या बसमध्ये सोड. कुणाची आहे ते सांगायचं नाही. आणि तूसुद्धा तुझ्या सीटची पाळी येईल तेव्हाच वाचायचं, मला बायकोचं मत नको आहे.

"त्यांना आवडली नाही तर रविवारी रद्दीत," एवढं तो शांतपणे म्हणाला.

आणि हा माणूस बोलतो तसं करतो. सिगारेट त्यानं अशीच एका वाक्यात सोडली होती.

बसमध्ये मी सांगितलं की ओळखीतल्या एकानं लिहिलंय, खरं मत हवंय. मग स्पायरल उघडली, पिशव्या भरल्या आणि पहिलं प्रकरण पुढच्या सीटवर दिलं. माझी सीट बरीच मागं आहे. म्हणजे माझ्यापर्यंत काही यायच्या आधी मला फक्त माणसांच्या पाठी दिसायच्या. त्या पाठींकडे बघूनच मला पहिल्यांदा कळलं की काहीतरी घडतंय. एरवी चाकणच्या अलीकडं कुरुळी आली की सगळे उठून केस-बिस नीट करायला लागतात. त्या आठवड्यात गेट आलं तरी पुढच्या रांगा खाली माना घालून बसलेल्या असायच्या. ड्रायव्हरला दोनदा हॉर्न मारावा लागायचा. मी थक्क होऊन बघत राहायचे. ज्या वाक्यांसाठी आमच्या घरी वरण करपलं होतं, ती वाक्यं या लोकांना धरून ठेवत होती.

मतं मात्र एका सुरात येतील तर ती आमची बस कसली. डिझाइनमधल्या एका पोरसवदा इंजिनिअरनं दुसऱ्याच प्रकरणाला लाल टॅग लावला. त्याचं म्हणणं, कुठलाही हेर असा फोन वापरणार नाही, हे सगळं जुन्या काळातलं आहे, लॉजिकच नाही. एका बाईंना मारामारी कमी वाटली, तर दुसऱ्या एकीला जास्त. मेन्टेनन्सचे काका मावळातले, रिटायरमेंटला आलेले. त्यांनी तर कहर केला. आमच्या शॉपमध्ये नियमच आहे, जो माल आधी आला तो आधी वापरायचा. त्यांच्या हाताशी सातवं प्रकरण आधी आलं, त्यांनी ते आधी वाचलं. त्यात हेर टोळीच्या म्होरक्याशी इमान राखायची शपथ घेतो. ती खोटी आहे हे सहाव्यात येतं, आणि सहावं अजून पुढच्या सीटवर होतं.

"ह्यो गडी फितूर हाय," काका साऱ्या बसला सांगत सुटले. "म्या पयल्यापास्नं वळखलं व्हतं."

भोसरीपासून गेटपर्यंत ते त्याला शिव्या घालत होते. मग सहावं हातात पडलं. संध्याकाळी बसमध्ये चढताना मला म्हणाले की त्या पोराची माफी मागायची असेल तर कुठं मागायची. मी हसले, पण ते हसत नव्हते. कुणीतरी मनानं रचलेल्या माणसाबद्दल असं वाटू शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

रोज संध्याकाळी मी घरी जाऊन टॅग आणि बोलणं जसंच्या तसं सांगायचे. नवरा खुर्चीच्या कडेवर बसून ऐकायचा. फोनबद्दलचा लाल टॅग त्यानं मान्य केला. काकांचं ऐकून डोळे पुसले. पण सगळ्यात जास्त त्याला लागलं ते भाईंचं.

डाय शॉपचे, म्हणजे साचे बनवतात तिथले हे भाई मूळचे तळेगाव दाभाड्याचे. दहशतवादावर बसमध्ये काही बोलणं निघालं की ते खिडकीबाहेर बघायला लागतात, आणि आम्ही सगळे ते न बघितल्यासारखं करतो. त्यांच्या सीटपर्यंत पिशवी गेली तेव्हा मीच खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांनी सगळं मन लावून वाचलं. बाजारातल्या स्फोटाच्या प्रकरणाला पिवळा टॅग लावला आणि पिशवी परत देताना म्हणाले, "लिहिणाऱ्याचा हात चांगला आहे. फक्त त्याला विचारा, स्फोट झाला की आमची माणसंही पळतात, मरतात. ती यात कुठं आहेत?"

हे सांगितलं त्या रात्री नवरा जेवला, पण काय जेवला ते त्याला कळलं नसावं. नंतर सुट्टीच्या दिवशी तो टेबलावरून उठलाच नाही, आणि त्या प्रकरणाला नवी पानं जोडली गेली. त्यात एक म्हातारा बेकरीवाला होता. स्फोटानंतर तो शटर अर्धवट ओढून उभा राहतो आणि घरातलं कोण अजून परत आलेलं नाही हे आठवत राहतो, पण शटर पूर्ण लावायचं धाडस त्याला होत नाही, कारण कुणी येऊन परत गेलं तर? ती पानं मी भाईंना दिली. त्यांनी वाचली, पिशवीवरचा पिवळा टॅग सोडवला आणि स्वतःच्या खिशात घातला. मला वाटलं, बसमध्ये हे असं घडू शकतं, तर मी इतकी वर्षं या बसला नुसती शिव्या का देत होते.

पुढं प्रकरणं माझ्याकडे यायला लागली आणि माझी पंचाईत झाली. तिसऱ्या प्रकरणात हेर परक्या बंदरातल्या खोलीत एकटा बसून संत्रं खातो. खाऊन झाल्यावर बिया सालीच्या आत ठेवतो, साल पुन्हा मिटवतो आणि अख्खं दिसणारं संत्रं टेबलावर ठेवतो, कारण त्याची बायको तसं करते. मी वाचता वाचता थांबले. ती सवय माझी आहे. लहानपणापासूनची. बसमध्ये कचरा होऊ नये म्हणून मी रोज तेच करते, आणि साऱ्या बसनं ते पाहिलेलं आहे. मला एकदम लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर असं काही वाटलं की त्याला शब्द नाही. हा माणूस माझ्याकडे कधी बघत असतो? मला तर वाटायचं, तो टीव्हीकडे बघतोय.

कुणी ओळखू नये म्हणून मी त्या दिवसापासून बसमध्ये संत्रं खाणं बंद केलं.

आणि मग शेवटचं प्रकरण अडलं. पुढच्या लोकांनी एकमेकांना दम देऊन ठेवला होता की शेवट मागच्यांना सांगायचा नाही. त्यामुळे पुढची अर्धी बस गप्प आणि मागची अर्धी बस तळमळत, अशी अवस्था होती. माझ्या पुढच्या सीटवर पॅकिंगमधली एक बाई बसते. बीडकडची, कमी बोलणारी, मोशीला चढते. तिच्या आधीच्या सीटपर्यंत पिशवी आली होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण ती म्हणाली, माझ्याकडं आलंच नाही. तिच्या पुढचा म्हणे, मी दिलं. मागचे म्हणे, मग गेलं कुठं. सीटखाली शोधलं, ड्रायव्हरच्या कप्प्यात शोधलं. काका तर लाइनवर माल हरवल्यासारखे पेटले होते.

घरी नवऱ्यानं वेगळाच अर्थ लावला. तो म्हणाला, शेवट वाईट असणार, कुणाला तरी तो पुढं द्यावासाच वाटला नसेल. मी समजूत काढली, दुसरी प्रत काढू म्हणाले. त्यानं मान हलवली. ज्या पुस्तकाचा शेवट लोक हरवून टाकतात त्याची दुसरी प्रत कशाला? रविवार तोंडावर आला होता. दाराशी वर्तमानपत्रांचा गठ्ठा बांधून ठेवलेला होता आणि त्याच्यावर त्यानं मूळ हस्तलिखित आणून ठेवलं. त्या गठ्ठ्याला वळसा घालून मी शनिवारी बस पकडली.

मोशीच्या पुढं बस नेहमीसारखी अडकली. पॅकिंगवाली बाई तिच्या सीटवरून उठून माझ्या शेजारी येऊन बसली. एरवी ती मला मॅडम म्हणते.

"ताई, तुम्ही संत्रं खायचं का सोडलं?" तिनं हळूच विचारलं.

अख्ख्या कादंबरीत हेर सवय बदलल्यामुळे पकडला जाऊ नये म्हणून जिवाचं रान करतो, आणि मी एका संत्र्यात पकडले गेले होते. तिनं डब्याच्या पिशवीतून ते प्रकरण काढलं. साडीच्या जुन्या तुकड्यात गुंडाळून ठेवलं होतं.

"तुमच्या मालकानं लिवलंय, आन् त्यातली बायको तुम्ही," ती म्हणाली. "त्यो मरतो ताई. आन् त्याचा वरचा सायब तिच्या घरी येतो, चहा पितो, आन् तुमचा माणूस खुशाल हाय म्हणून निघून जातो. त्याला सांगवलं न्हाई. मग म्या तुमच्या हातात कसं द्यावं?"

पुढच्या लोकांनी प्रकरण वाचून पुढं सरकवलं होतं. ही एकटी बाई त्यात शिरली होती आणि त्या साहेबानं जे केलं तेच करून बसली होती. साऱ्या बसशी खोटं बोलली, स्वतःवर आळ घेतला, आणि तो हेर माझ्यासाठी चार दिवस जास्त जिवंत ठेवला. मी तिचा हात धरला. तिच्या हाताला पॅकिंगच्या टेपचा वास येत होता. मी म्हणाले, द्या, वाचते. ती माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत बसली.

मी वाचलं. साहेब येतो. त्याच्यासमोर टेबलावर एक अख्खं दिसणारं संत्रं असतं. ती म्हणते, घ्या ना. तो उचलतो, आणि ते हाताला हलकं लागतं. त्याला कळतं की हे आतून रिकामं आहे, आणि जे सांगायला आला ते तो सांगू शकत नाही. ती विचारते, बरे आहेत ना? तो हो म्हणतो. बस गेटवर पोचली, सगळे उतरले, आणि मी तशीच बसून होते. नवऱ्यानं माझं दुःख माझ्याआधी जगून पाहिलं होतं. तेही माझ्याच टेबलावर बसून.

संध्याकाळी घरी आले तेव्हा तो मुद्दामच माझ्याकडे बघत नव्हता. मी सगळं सांगितलं. शेवट हरवला नव्हता, एका बाईनं लपवला होता. त्यानं विचारलं, का. मी म्हणाले, तो गेला हे मला कळू नये म्हणून. तो बराच वेळ टेबलाची कडा बोटानं पुसत राहिला. मग दाराकडे बघत म्हणाला, "आता तुझी पाळी झाली. बायको म्हणून नको सांगूस."

मी पर्समधून टॅग काढले. हिरवा, पिवळा, लाल, तिन्ही हातात धरले आणि त्यातला एकही लावता येईना.

"शेवट मला अजिबात आवडला नाही," मी म्हणाले. "त्यातला एक शब्दही बदलू नकोस."

दुसऱ्या दिवशी खाली रद्दीवाला ओरडला तेव्हा नवरा वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन गेला. हस्तलिखित तेवढं टेबलावर राहिलं. मी फळांच्या टोपलीतून एक संत्रं घेऊन सोललं, खाल्लं, बिया आत ठेवून साल मिटवली आणि ते संत्रं त्याच्या कागदांवर ठेवलं. तो वर आला, त्यानं ते उचललं, हलकं लागलं, आणि माझ्याकडे बघून त्यानं विचारलं, बरी आहेस ना?

मी हो म्हणाले.