तारघराबाहेरचे चाचा

चांद्याच्या तारघराबाहेर एक म्हातारे चाचा लोकांच्या तारा इंग्रजीत लिहून देत. मी मराठी शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. निम्मा फंड गिरणीच्या शेअरांत घातला होता आणि भाव रोज पडत होते. घाबरून मी चाचांना म्हणालो, "मुंबईच्या दलालाले तार लिहा, सगळे विका म्हणून."

त्यांनी टाक दौतीत बुडवला, पण फॉर्मवर टेकवला नाही.

"मास्तर, घर कशावर चालून राह्यलं?"

"बाकीचा फंड पोस्टात हाय, त्याच्यावर."

"लग्न, दवाखाना, असं काई आलं का समोर?"

"नाई."

"मंग आजच काऊन विकता? पैशे लागतीन तवा या, लिहून देईन."

टाक टोपीच्या कडेला पुसून त्यांनी कोरा फॉर्म मला परत दिला.

भाव सावरायला पुढे दोन वर्षं लागली. मी मात्र त्या दुपारीच घरी येऊन, कित्येक दिवसांनी, पोटभर जेवलो.