शोधायला आलेली कोंबडी

सूनबाई लहान मुलांसाठी कार्टून बनवते आणि आधी आम्हा घरच्यांना दाखवते. परवाच्या गोष्टीत आईचं न ऐकणारं पिल्लू हरवलं आणि गोष्ट तिथंच संपली. नात घाबरून मला चिकटली.

"आई, कसं वाटलं?" सूनबाईनं मला विचारलं.

"तिला काय विचारतेस? ती डोळे उघडे ठेवून झोपते," हे म्हणाले.

मला बोलायचा संकोच वाटतो. तरी विचारलंच, "त्याची आई त्याला शोधत नाही का गं?"

आज बदललेली गोष्ट पाहिली. कोंबडी कुंपणं, उकिरडे धुंडाळत आली, पिल्लाला चोच मारली आणि पंखाखाली घेतलं. मला हायसं वाटलं. मुलांना रागवावं, पण आपल्याला शोधत कुणीतरी येईल, हे त्यांना ठाऊक असावं.

नात हसून म्हणाली, "परत लाव."